करवंटीतलं पाणी

दाढ काढल्यापासून मी घास सावकाश चावते, आणि साधा भातही तोंडात गोड व्हायला लागतो. आज तसाच झाला आणि रत्नागिरीतल्या शाळेचं अंगण आठवलं.

विज्ञानाच्या बाईंनी आम्हा मुलींना रांगेत उभं केलं होतं. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत बादलीतल्या पाण्याने भरलेली करवंटी. "तुम्ही एकेक ग्लुकोज," बाई म्हणाल्या. "हात धरलेत की साखळी होईल, तोच स्टार्च. पण हात धरायचा तर पाणी सोडावं लागतं."

आम्ही भराभर करवंट्या उपड्या केल्या. तापलेल्या जांभ्या दगडाचा वास उठला. शेजारची शबाना मात्र हलेना. ती नाटे गावची, मामाकडे शिकायला आलेली.

"ओत की गो!" मी ओरडले.

"एप्रिलात पाणी कोण टाकतं? माझी आई दोनदा विहिरीवर जाते."

तिने पाणी बादलीत परत ओतलं, मग माझा हात धरला. सगळ्या हसल्या. मी सर्वांत मोठ्याने.

बाई हसल्या नाहीत. "राहू दे ते. साखळी सोडवायला तेवढंच पाणी परत लागतं," त्या म्हणाल्या. हसण्याच्या नादात आम्ही ते ऐकून सोडून दिलं.

आता घास चावताना ते वाक्य समजतं. भातातल्या स्टार्चमधली साखर सुटी व्हायला प्रत्येक सांध्यात पाणी परत जावं लागतं, तेव्हा कुठे गोडी येते. त्या दिवशी अख्ख्या रांगेत ते पाणी फक्त शबानाने राखलं होतं. तिचा ओला, गार हात मी धरला होता, आणि तरी हसत होते.