नवऱ्याच्या हाताने घेतलेलं माप

टोकावड्याच्या अलीकडे मी मोपेड थांबवली, कारण समोरून माझ्या दुकानातली सायकल येत होती. तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. एक बाई हँडल धरून तिला शेजारून ढकलत आणत होती. कॅरिअरला औषधांचा पत्र्याचा डबा बांधलेला, मडगार्डवर माझ्या दुकानाचं स्टिकर. विकून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

"काय वहिनी, पंक्चर?"

"नाय दादा. हवा बरोबर हाय."

"मग चालत का?"

"पाय नाय टेकत," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

मुरबाडला एस.टी. स्टँडजवळ माझं सायकलचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा धंदा बरा होता आणि माझ्या डोक्यात हवाही बरी होती. गिऱ्हाइकाला नुसतं बघून माप सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्याचं काम मी स्वतःच करत असे.

मापाचं थोडं सांगतो. बावीस इंची सायकल म्हटलं की लोकांना वाटतं चाक बावीस इंचांचं. तसं नाही. सीटखाली जी उभी नळी असते, तिची ही लांबी. नळी लांब, तर सीट उंच. सीट वर घेता येते, पण नळीच्या खाली नेता येत नाही. म्हणून फ्रेम मोठी घेतली की पुढे मिस्त्री काही करू शकत नाही. आणि माप घ्यायची जुनी युक्ती अशी, की सीट काखेत धरायची आणि हात खाली लांब करायचा. पॅडल ज्या एक्सलभोवती फिरतं, तिथे बोटं टेकली पाहिजेत. टेप लागत नाही. प्रत्येकाचा हात त्याच्या पायाच्या मानाने असतो, म्हणून हे जमतं.

आता ही सायकल कशी विकली गेली ते ऐका. वैशाखऱ्याकडच्या एका पाड्यावरून गजानन आला होता. सोबत बायको, शेवंता. बायको दुकानात आली नाही. पायरीवर डोक्यावरून पदर घेऊन बसली. सायकल तिच्यासाठी होती. एका संस्थेला पाच पाड्यांवर फिरून औषधं द्यायला आणि पोरांची वजनं करायला बाई हवी होती. अटी तीन. सातवी पास, स्वतःची सायकल, आणि ती चालवता आली पाहिजे. महिनाभर काम बघायचं, मग संस्थेच्या मॅडम येऊन तपासणार आणि नेमणूक देणार.

गजाननने मोठी बावीस इंची लेडीज सायकल पसंत केली.

"शेठ, घ्यायची तर भरदार घ्यायची. भाताचं पोतं टाकलं तरी हलली नाय पायजे."

"वहिनींना उंच नाही ना होणार?"

"छ्या. तिचं नि माझं एकच." असं म्हणून त्याने सीट स्वतःच्या काखेत धरली, हात लांब केला. बोटं एक्सलला बरोबर टेकली. गजानन चांगला उंचापुरा माणूस. आम्ही दोघांनी एकमेकांकडे समाधानाने बघितलं. पायरीवर बसलेल्या बाईकडे कोणी बघितलं नाही. मी फक्त एकदा विचारलं, रंग कुठला. तेही गजाननला.

पैसे मात्र तिच्या कनवटीतून आले. दोन उन्हाळे घाटाच्या रस्त्यावर करवंदं विकून साठवलेले. हे मला नंतर कळलं. घंटी त्या पैशांत बसली नाही, म्हणून तिने घंटीशिवाय नेली.

तर ती सायकल आता रस्त्यावरून चालत होती, आणि मॅडम यायला आठ दिवस राहिले होते. शेवंताला सायकल येत नव्हती असं नाही. माहेरी सापगावला भावाची चालवलेली. पण या सायकलीवर ती एकदा बसली की उतरायची सोय नव्हती. चालत तिचे दिवसाला दोन पाडे होत. संस्थेला पाच हवे होते. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. मला एवढंच दिसत होतं, की माझं स्टिकर लावलेली कोरी सायकल रोज सगळ्या रस्त्यासमोर ढकलत नेली जातेय. माझी पहिली काळजी ही होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना दुकानात बोलावलं. सीट आधीच तळाला गेलेली. मग मी माझं कौशल्य दाखवलं. दोन्ही पॅडलना लाकडी ठोकळे बसवले. शेवंता दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून बसली आणि निघाली. पाय पॅडलला छान पोचत होते. स्टँडच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, पाय खाली सोडला आणि सायकलीसकट आडवी झाली. ठोकळ्यांमुळे पॅडल जवळ आलं होतं, जमीन होती तिथेच होती.

गजानन म्हणाला, "सवय नाय अजून. होईल."

शेवंता कोपर झटकत उठली. तिने सायकल उचलली, ढकलत दुकानासमोर आणून स्टँडवर लावली आणि पहिल्यांदा दुकानाच्या आत आली. थेट मागे गेली. तिथे मी मोडीत काढायच्या सायकली ठेवत असे. त्यात एक अठरा इंची लेडीज होती. एका गुरुजींच्या मुलीची, बदलून घेतलेली. रंग उडालेला, चेनकव्हर अर्धं. पण सीट रुंद, स्प्रिंगची, आणि हँडल अंगाजवळ येणारं. शेवंताने तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि बसली. दोन्ही टाचा जमिनीवर.

"वहिनी, सीट अजून वर पाहिजे," मी धंद्याचं ज्ञान दिलं. "पाय लांब झाला तर जोर कमी लागतो. उतरताना फक्त बोटं टेकली तरी चालतात."

"जोर किती लागतो ते सोडा दादा. दिसातून चाळीस वेळा उतराय लागतं. बांध आला, उतरा. ओहोळ आला, उतरा. म्हातारीनं हाक मारली, उतरा. मला उतरता यायला पायजे."

बावीस वर्षं मी लोकांना सायकलीवर बसवत होतो. उतरण्याचा विचार केला नव्हता. कामाची सायकल म्हणजे सारखी चढउतर, हे त्या बाईने मला तीन वाक्यांत शिकवलं. तेही मी तिला शिकवायला बोलावलं असताना.

गजाननला पटेना. "नवीन देऊन भंगार घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"नवीन नका देऊ," शेवंता म्हणाली. "ती तुमी चालवा."

जुनी मी तशीच देऊन टाकली, नवे ब्रेक बसवून, वर एक घंटी. याला उदारपणा म्हणू नका, माझं स्टिकर रोज रस्त्यावर ढकललं जायचं थांबणार होतं. हिच्यावर स्टिकर मात्र लावलं नाही, ही अक्कल होती.

मॅडम आल्या त्या दिवशी टोकावड्याला माझं काहीतरी काम निघालं. निघालं म्हणजे मी काढलं. जीप डांबरी संपते तिथे थांबली. मॅडम उतरल्या. शेवंता तिची अर्ध्या चेनकव्हरची सायकल घेऊन उभी. शेजारी गजानन, त्याची कोरी बावीस इंची पुसून चकचकीत केलेली.

मॅडमनी कागद बघितला, मग सायकल. "ही रोज टिकेल का? अटीत चांगली सायकल लिहिलंय."

मी पुढे होऊन ब्रेकचं काही सांगणार, इतक्यात गजाननला अभिमान अनावर झाला. "मॅडम, नवीन पण हाय. ही बघा."

"मग ही छान आहे की. हीच चालवून दाखवा."

आठ दिवस केलेलं सगळं या माणसाने एका वाक्यात पाण्यात घातलं होतं. गजाननलाही ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. त्याने सायकल पुढे केली नाही, पण मागेही घेतली नाही.

शेवंताने त्या सायकलीकडे नीट बघितलं. "ती यांची हाय," ती म्हणाली. "माझी ही." आणि डबा कॅरिअरला बांधून ती निघालीच.

पायवाटेवर पहिला बांध आला. तिने पाय टेकला, उतरली, सायकल उचलून पलीकडे ठेवली, परत बसली. ओहोळापाशी तेच. मॅडम मागून चालत होत्या, त्यांच्या मागे मी आणि गजानन. आम्ही घामाघूम होऊन पाड्यावर पोचलो तेव्हा एका झोळीत पोर टाकून त्याचं वजनसुद्धा सुरू झालं होतं. मॅडमनी धाप टाकत सही केली. मला इतका आनंद झाला की मी गजाननला मिठी मारली, जो त्या दिवशी मिठीच्या लायक बिलकुल नव्हता.

परत निघताना मी शेवंताला विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही पायरीवरच होतात. सायकल उंच होतेय हे दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

ती डब्याची दोरी आवळत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी इचारलं कुठं?"

लाज वाटली, एवढं खरं. मी रंग विचारला होता, तोही नवऱ्याला.

पुढे बऱ्याच बाया आल्या. अंगणवाडीच्या, बचत गटाच्या, कॉलेजच्या मुली. सोबत नवरा, भाऊ, बाप असायचाच, आणि सायकल दिसली की पहिला हात त्याचाच. अशा वेळी काय करावं याचा कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये उल्लेख नाही. मी त्या माणसाला स्टँडवरून चहा आणायला पाठवू लागलो. तो येईपर्यंत जी चालवणार तिला आत घ्यायचं, बसवायचं आणि आधी उतरायला सांगायचं.

चहा प्यायचा कंटाळा आला, पण सायकली परत यायच्या थांबल्या.