साडूभाऊंचं पाहुणेपण

हौसेनं आयकर भरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, हे यजमान मूळचे आमच्या गेवराईजवळच्या चकलांब्याचे. आईवडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. साडूभाऊ मात्र बीडला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकले, भूजलाचे इंजिनियर झाले आणि अमेरिकेत एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला लागले. कोरड्या मुलखांत पाणी कुठं लागेल ते शोधायचं, हे त्यांचं काम. अशा संस्थेतल्या परदेशी माणसांच्या पगारावर तिथलं सरकार आयकर घेत नाही. मी गेवराईच्या एका शाळेत गणित शिकवतो. ही बातमी मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा दोघांनी तिथं शिपायाची जागा निघते का, असं विचारलं होतं.

साडूभाऊंना मात्र ही सवलत सदऱ्यात शिरलेल्या कुसळासारखी टोचायची. "कुनीतरी कर भरला म्हणून मी वसतिगृहात जेवलो," ते म्हणायचे. "आन् हितं मी फुकट ऱ्हातो. आपुन पाव्हणे हाव हितले. पाव्हण्यानं कालवणात मीठ कमी हाय म्हनू न्हाई." हे पाहुणेपण त्यांनी वीसेक वर्षं इतक्या निष्ठेनं पाळलं, की आक्काला वीट आला. गल्लीतला दिवा गेला तर तक्रार करायची नाही, आपली बॅटरी घेऊन चालायचं. बागेतल्या बाकावर टेकायचंच झालं, तर अगदी कडेला. बर्फ ओढणारी सरकारी गाडी दाराशी आली, की हे फावडं घेऊन बाहेर धावत आणि ड्रायव्हरला हातानं खुणावत, आमच्या दारातलं राहू द्या, मी काढतो. त्याला वाटायचं, या गृहस्थाचं काहीतरी बर्फाखाली हरवलंय. एकदा तर तो बिचारा खाली उतरून त्यांच्याबरोबर शोधूही लागला.

हे ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. मग एका हिवाळ्यात आक्काच्या छातीत कळ आली. "ती अँब्युलन्सची गाडी बोलवा," ती म्हणाली. साडूभाऊंनी फोन उचलला आणि परत खाली ठेवला. "सरकारी गाडी कावून बोलवायची? आपली हाय की दारात." त्यांनी तिला स्वतःच्या गाडीत घातलं. उतारावर गाडी घसरली, रस्त्याच्या कडेला रुतली, आणि कुणी वाटसरू थांबेपर्यंत आक्का मागच्या सीटवर कण्हत पडून होती. ती वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "फोन का नाही केलात?" त्याचं उत्तर साडूभाऊंनी मला दिलं, पुढच्या सुट्टीत चकलांब्याला बांधावर बसून, मान खाली घालून. "लाज वाटली मला. बायको मरायलीय, आन् मला लाज वाटली."

त्यांची मुलगी तिथंच जन्मलेली, तिथलीच नागरिक. वयाची एकवीस वर्षं पुरी होताच तिनं आईबापांना कायम रहिवासाचं कार्ड मिळावं म्हणून अर्ज केला. कार्ड मिळालं आणि तिढा पडला. अशा संस्थेत नोकरी करणाऱ्यानं ते कार्ड टिकवायचं तर एका कागदावर सही करून करमाफी सोडून द्यायची. सही नाही केली, तर करमाफी राहते आणि कार्ड जातं. कचेरीतले सगळे म्हणाले, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, तोवर कार्ड परत करा, नंतर पुन्हा मिळवता येईल. मीही फोनवर गणित मांडलं. "साडूभाऊ, चार वर्षांच्या करात गेवराईत बंगला होतो." पलीकडून आक्काचाच आवाज आला. "करू द्या त्यान्ला सही. मला त्यांच्यासंगं एकदा ताठ चालायचंय."

सही झाली आणि पाहुणा मालक झाला. त्याच आठवड्यात गल्लीतल्या दिव्याची तक्रार गेली. मग बागेतल्या बाकाची निखळलेली फळी, मग वाचनालय लवकर बंद होतं म्हणून दोन पानी पत्र. आलेली उत्तरं ते आम्हाला फोनवर वाचून दाखवत, खालच्या सहीसकट. कराचं विवरणपत्र टपालात टाकायला इस्त्रीचा शर्ट घालून जात. आणि बर्फाची गाडी आली, की चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहून आक्काला सांगत, "आपली गाडी आली गं."

तिसऱ्या वर्षी आक्काला पुन्हा कळ आली. ती काही बोलायच्या आत यांनी फोन लावला होता. "लगीच आली गाडी," ते सांगायचे. "मी दारात उभा राहून त्यांच्यावर वरडलो, हळू उचला म्हणून!" आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस हे सांगताना उजळून निघायचा. त्या फोननं आक्काला आणखी दोन वर्षं दिली. निवृत्तीनंतर पहिल्याच थंडीत ती झोपेतच गेली.

आता साडूभाऊ चकलांब्यालाच असतात. लोकांच्या रानात फिरून विहीर कुठं घ्यावी ते सांगतात, आणि पाणी लागलं की शेतकऱ्याआधी स्वतः नाचतात. कायमचं इथं राहणाऱ्याला तिथलं कार्ड ठेवता येत नाही. एका फॉर्मसोबत ते परत पाठवायचं असतं. गेल्या महिन्यात मी त्यांना गेवराईच्या पोस्टात घेऊन गेलो. फॉर्मवर एक ओळ होती, कार्ड का सोडताय? तिथल्या बाकावर टेकून त्यांनी पेन उघडलं. "वय झालं, असं लिहा," मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या कोरीव इंग्रजी अक्षरात लिहिलं, माझी बायको आता तिथं नाही.

पाकिटाचं वजन झालं, शिक्का पडला. बाहेर येऊन ते माझ्या मोटरसायकलवर मागं बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीला एवढ्यात सांगू नका. ते कार्ड आलं तवा लई नाचली व्हती ती."