मिचकावणारे ठिपके

सरिता कामठीच्या ऑटोत नेहमी कडेला बसायची. डबा खाताना बोलायची नाही. अंधाऱ्या प्रयोगशाळेतून बाहेर आली की डोळ्यांवर ओढणी धरून दहा आकडे मोजायची. कुणी 'अंदाजे' म्हटलं की नाक मुरडायची.

नागपुरातल्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. तिची मैत्रीण नूपुर त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होती. मराठीची एम.ए. विज्ञानातलं तिला ओ की ठो कळत नसे. पण सरिताने एकदा समजावलं ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

सरिता प्लास्टिकच्या पापुद्र्यावर प्रकाश देणारे कण पेरायची. केसाच्या जाडीत दहा हजार मावतील इतके बारीक. पापुद्र्यावर जिथे ताण, तिथल्या कणाचा रंग किंचित बदलतो. तडा जाण्याआधीच जागा कळते. फक्त कण एकटा हवा. एकटा कण मध्येच विझतो, पुन्हा लागतो. बरेच कण चिकटून झालेली गुठळी सतत उजळ दिसते आणि सगळ्यांचा मिळून भलताच रंग सांगते. म्हणून सरिता एकेका ठिपक्यासमोर पाच मिनिटं बसायची. मिचकावला तरच तो खरा.

तिचे मार्गदर्शक मधुसूदन सर. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला हात लावून वर्षं झाली होती. सत्काराच्या शाली मात्र कपाटात मावत नव्हत्या.

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार म्हणून एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले. नूपुर डबा घेऊन दारात उभी होती.

"हे ठिपके बंद-चालू काहून होऊन राहिले? खराब माल. काढून टाक. पक्के उजेडवाले ठेव, फोटो झकास येईल."

"सर, त्या गुठळ्या आहेत."

"समितीले काय समजते? प्रबंध याच महिन्यात जमा करायचा ना? सही माझी लागते."

सरिताने ठिपक्यांच्या नोंदींची वही मिटली. "सही राहू द्या, सर. समितीसाठी दिवाळीच्या माळा लावा. पण त्याही मिचकावतात. तुमची पंचाईत होईल."

ती बाहेर आली. ओढणी डोळ्यांवर धरली.

"काहून वं असं केलं?" नूपुर डबा घेऊन मागोमाग आली. "पाच वर्षं, सरिता!"

"आठ, नऊ, दहा." सरिताने ओढणी काढली. "ज्याले एकटा कण ओळखू येत नाही, त्याची सही घेऊन मी काय करू वं?"

समिती आली. गुठळ्यांचा फोटो पाहून माना डोलावून गेली. सरांच्या कपाटात आणखी एक शाल गेली. सरिता आता कामठीत नववीच्या शिकवण्या घेते.

वही नूपुरकडे राहिली. चारशे ठिपके पाहायचे होते. दोनशे त्रेसष्टाव्यापुढे सर आले त्या दिवसाची वेळ लिहिली आहे, दुपारी एक चाळीस. मिचकावला की नाही, तो रकाना कोरा आहे.