मागून वाजणारी काठी

आधी माझा एक गाढवपणा कबूल करते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. आमचे हे मला त्यांच्या गावामागचा डोंगर दाखवायला घेऊन गेले. दुगाडचा गुमतारा. भिवंडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की दिसतो तो. मी कशेळीची, खाडीकाठची. डोंगर फक्त लांबून, निळा-निळा पाहिलेला. माझं सगळं चालणं चिखलातलं आणि खाडीच्या चिखलात नियम एकच... थांबायचं नाही. थांबलं की पाय रुतला. बोटं रोवत, झपाझप पुढे जायचं.

तर ही अक्कलवान नवरी डोंगरही तशीच चढली. चपला हातात, साडी खोचलेली, नवऱ्याला मागे टाकून. मनात म्हणतेय, बघा म्हणावं कशेळीची पोर! निम्म्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बाईसाहेब कारवीच्या झुडपात आडव्या. शुद्धीवर आले तर हे तोंडावर पाणी मारत हसत होते.

"इथं कोन रुततं गो? डोंगर हाय हा. थांबलीस तरी गिळनार न्हाय तुला."

पण खोड जाईना. छाती फुटायची वेळ आली तरी 'दमले' म्हणायची नाही, इतका ताठा. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. ते माझ्या मागून चालायचे, हातात बांबूची काठी. माझा श्वास वाजायला लागला की ते काठी दगडावर आपटायचे. एकदा — टक् — म्हणजे थांब. थोड्या वेळाने दोनदा — टक् टक् — म्हणजे चल. तोंडाने काही बोलायचं नाही, माझा मान राहायचा. हे कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेल्या लूम दुरुस्त करायचे. त्यांनी काठीच्या टोकाला लूमच्या मोडक्या पार्टाची लोखंडी टोपी ठोकून बसवली होती. त्या टोपीचा आवाज मी हजार आवाजांत ओळखीन.

लूमना सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी यायचा. गुमतारा, माहुली, तुंगारेश्वर... पोरगा झाला, मोठा झाला, नातू झाला, तरी आम्ही शुक्रवारी डोंगरावर. नातेवाईक म्हणायचे, या वयात शोभतं का? मी म्हणायची, तुम्हाला दम लागतो म्हणून आम्हाला शोभत नाही होय!

आता भुताखेतांचं सांगते. सासूबाई अमावास्येला घरावरून लिंबू उतरवून तिठ्यावर टाकायला द्यायच्या. मी ते पदरात लपवून परत आणायची आणि सरबत करून त्यांच्याच लेकाला पाजायची. हे मिटक्या मारत प्यायचे. म्हणजे माझा विश्वास किती, ते समजा. तुमच्या या सदरातले अनुभवसुद्धा मी सुनेला हसत-हसत वाचून दाखवते. आज मीच लिहायला बसलेय... हसा खुशाल.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. हार्ट. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्या दीपकने — माझा मुलगा, दापोड्याला गोडाऊनचं काम बघतो — त्यांच्याबरोबर चितेवर काठीही ठेवली. अस्थी गोळा करताना ती लोखंडी टोपी राखेत सापडली. तीही कशेळीच्या खाडीत सोडली. हे मुद्दाम सांगतेय. ती काठी या जगात कुठेही नाही.

त्यानंतर मी डोंगरावर गेलेच नाही. गेलं काय करायला? आणि मग गुडघाही बसला. डॉक्टर म्हणाले, "आजी, उजव्या गुडघ्यातली गादी पार संपलीय. बदलून टाकू." ठाण्याला ऑपरेशन झालं. घरी आले ते वॉकर घेऊन, लंगड्या बदकासारखी.

आमची भिवंडीतली बिल्डिंग जुनी, तीन मजल्यांची. लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मागच्या गल्लीत लूमचे कारखाने, त्यांची खडखड दिवसभर इतकी की जिन्यात शेजारीण काय म्हणते ते तिच्या ओठांवरून ओळखायचं. फक्त शुक्रवारी सगळं चिडीचूप.

व्यायाम करून घ्यायला सायमा यायची. इथलीच मुलगी, फिजिओथेरपिस्ट. बोलायला गोड, पण गुडघा धरला की अंगात पैलवान शिरायचा. काही दिवसांनी वॉकर सुटला, हातात काठी आली आणि जिन्याची प्रॅक्टिस सुरू झाली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

तो शुक्रवार होता. दुपार, लख्ख ऊन जिन्याच्या जाळीतून आत आलेलं. सायमा यायची होती, पण मला कुठला धीर! मी एकटीच एक मजला उतरले आणि परत चढायला लागले. निम्म्यात गुडघ्यातून अशी कळ आली की श्वास घशात अडकला. पण थांबेन ती मी कसली? पुढची पायरी चढणार, इतक्यात मागून...

टक्.

मी थांबले. विचार करून नाही, पाय आपोआप थांबला. चाळीस वर्षांची सवय. श्वास खाली बसला आणि —

टक् टक्.

मी चढले. दारापर्यंत पोचले. आणि मग मला कळलं की आपण काय ऐकलं. तिथेच उंबऱ्यावर बसले.

कारणं शोधायची ती सगळी शोधली. माझ्या हातातल्या काठीला खाली रबर, तिचा आवाज येत नाही. वॉचमन पुढच्या गेटवर, त्याच्याकडे काठी नाही, प्लास्टिकचा पाइप. लूम बंद. खालच्या मजल्यावरचं कुटुंब लग्नाला गेलेलं. घरी कोणाला बोलले नाही. म्हातारीचं डोकं गेलं म्हणून आणखी एक डॉक्टर मागे लावला असता.

पुढच्या शुक्रवारी सायमा बरोबर होती. तिने माझ्या कमरेचा पट्टा मागून धरलेला. मला दम लागला आणि — टक्. मी थांबले. सायमाही थांबली. कठड्यावरून खाली वाकून बघितलं तिने.

"नीचे कौन है?"

जिना रिकामा.

"पाइप असेल आजी, पानी का," ती म्हणाली. पण पट्ट्यावरची तिची पकड घट्ट झाली होती. मग दोनदा वाजलं आणि मी चालायला लागले तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही त्याचं ऐकता?"

"हो," म्हटलं. "माझ्याच घरचा पाइप आहे तो."

आता माझ्या लबाडीकडे येते. माझ्या लक्षात आलं होतं की काठी वाजते ती मला खरोखर दम लागला तरच. गुडघा बरा होत चालला तसं वाजणं कमी व्हायला लागलं. एका शुक्रवारी तर फक्त एकदाच वाजलं. त्या रात्री मी उशी तोंडावर घेऊन रडले, आणि सकाळपासून व्यायाम बंद केला.

बरं व्हायचंच नाही, असं ठरवलं. साधा हिशेब. गुडघा दुखला तर हे मागे आहेत, गुडघा बरा झाला की गेले.

गादीवर झोपून टाच मागे ओढायची असते, ती मी सून खोलीत आली तरच ओढायची. पाठ फिरली की पाय लांब. सायमा आली की विचारायची, "एक्सरसाइज केला?"

"केला की."

"घुटना तो कुछ और बोल रहा है."

"त्याला काय कळतंय! नवीन आहे अजून."

ती हसायची. मग हसायची बंद झाली. पाय किती वाकतो ते मोजायचं तिचं एक प्लास्टिकचं साधन होतं. आकडा पुढे सरकत नव्हता, उलट मागे येत होता. एक दिवस तिने दार लावून घेतलं आणि समोर बसली.

"आजी, झूठ नहीं. आत जखम चिकटायला लागलीय. अजून थोडे दिवस असंच केलंत ना, तर हा पाय कायमचा असाच राहील. जिना नाही, डोंगर नाही, काही नाही. तुम्हाला पाहिजे काय?"

मी सांगितलं तिला. सगळं. चिखल, डोंगर, काठी. तिच्या आईच्या वयाच्याही पुढची बाई मी, त्या पोरीसमोर हुंदके देत होते. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली, दाबला मात्र नाही.

त्यानंतरचा शुक्रवार. सून शाळेत नातवाला आणायला गेली तशी मी जिन्यात गेले. मजला उतरले, अर्धा चढले आणि उभी राहिले. काही नाही. मग मी नाटक केलं. हा हा हू हू करून खोटा दम लागल्यासारखं केलं. या वयात! कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी कुत्र्यासारखी धापा का टाकतेय? आजवर माझ्या नाटकाला हे कधी फसले नव्हते. तेव्हाही नाहीत. जिना गप्प.

"अहो," मी म्हटलं. मोठ्याने. "मी थांबलेय. बघा ना, न सांगता थांबलेय."

काही नाही.

"मला नाही जायचं पुढे. मी इथंच बसते." आणि बसले. न वाकणारा पाय समोर सरळ ठेवून, पायरीवर बसून मी अशी रडले की ते गेले त्या दिवशीही रडले नव्हते. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, चहाचं बघायचं होतं, कोणाला कळवायचं राहिलं ते बघायचं होतं. आता श्वास खरोखरच लागला. छातीत मावेना. मला वाटलं, आता वाजणार. एकदा. थांब म्हणणार.

टक् टक्.

दोनदा. आणि मागच्या पायरीवरून नाही, पार खालून, तळमजल्याच्या दाराशी वाजल्यासारखं. लांबून. जसं ते डोंगराच्या पायथ्याशी उभे असावेत आणि मी बरीच वर गेलेली असावी.

कठड्याला धरून वाकून बघितलं. खाली उन्हाचा चौकोन पडलेला. बाकी कोणी नाही.

मी बराच वेळ बसून होते. मग उठले. चांगला पाय आधी.

त्यानंतर सायमाने माझा गुडघा वाकवला तो कसा, ते विचारू नका. मी तिच्या सात पिढ्या काढल्या. ती म्हणायची, "और गाली दो आजी, पण पाय ओढू नका." आकडा सरकला. नव्वदच्या पुढे गेला, आणखी पुढे गेला. डॉक्टर खूश. मी मांडी घालत नाही, पण बाकी सगळं करते. जिन्यात काठी परत कधी वाजली नाही. मी शुक्रवारी दुपारी दार उघडं ठेवते, ती गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यात दीपकला म्हटलं, मला गुमताऱ्याला ने. वरपर्यंत नको, पहिल्या सपाटीपर्यंत. डॉक्टरांना विचारूनच. तो कधी डोंगर चढलेला नाही. आम्ही जायचो तेव्हा हा घरी झोपायचा. चाळिशीला आलाय, पोट सुटलंय. मी पुढे, तो मागे. थोड्या वेळाने त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी थांबले, तो आला, एका दगडावर बसला. बाटलीतलं अर्धं पाणी एका दमात प्यायला.

तिथे मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. इतके दिवस ते माझं एकटीचं होतं, माझा नवरा, माझी काठी. त्याचा बाप गेला होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे होतं, पण असं नव्हतं.

वाचकहो, तुम्ही विचाराल की तो आवाज कसला. मला माहीत नाही. सायमा अजून पाइप म्हणते आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही. प्लंबरला बोलावून विचारलं, तो म्हणाला त्या भिंतीत पाइपच नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी भांडणार नाही.

दीपक सगळं ऐकून घेऊन खाली बघत राहिला होता. बाटलीचं झाकण लावत, काढत. मला वाटलं आता म्हणेल, आई, तुला भास झाला. तो म्हणाला:

"सायमाने मला तेव्हाच सांगितलं होतं, आई. शुक्रवारी तू झोपलीस की मी गोडाऊनवरून यायचो आणि तो जिना धावत चढायचो, पार दम लागेपर्यंत. खूप वेळा चढलो गं. माझ्यासाठी एकदाही नाही वाजवली त्यांनी."