राजीनाम्यावर तारीख मी टाकली

मंडळी, आज शाळेत जे केलं ते अजून घरीही सांगितलं नाही. आधी तुम्हालाच सांगते.

आमच्या देवरी तालुक्यातल्या शाळेत मी सहा वर्षांपासून विनाअनुदानित तुकडीला गणित शिकवते. दर जूनमध्ये संस्था जुना राजीनामा फाडून आमच्याकडून नवा लिहून घेते. सही आमची, तारखेची जागा कोरी. आम्ही नकोसे झालो की तारीख ते टाकणार. आजवर मी निमूट सही करत आले.

आज शाळेचे बाबू कागद घेऊन वर्गाच्या दारातच आले. "मॅडम, सही करून द्या जी. सचिव साहेब ऑफिसात बसून राहिले."

मी सही केली आणि तारीखही टाकली.

बाबू घाबरलेच. "तारीख काऊन टाकली जी? जागा खाली ठेवा लागते ना!"

"वाचा तर," म्हटलं.

मी अठ्ठावन्न वर्षांची होऊन निवृत्त होईन त्या दिवसाची तारीख होती. त्याला अजून चोवीस वर्षं आहेत.

संस्थेच्या सचिवांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. "हे चालणार नाही, दुसरा लिहा."

"साहेब, राजीनामा माझा आहे ना? मग कधी जायचं ते मीच ठरवणार. दुसरा मिळणार नाही."

उद्या काय होईल माहीत नाही. पहिला तास माझा आहे आणि मी तो घेणार आहे.

तुमच्यापैकी कितीजणांचा असा कोरा राजीनामा संस्थेच्या कपाटात पडून आहे? पुढच्या जूनमध्ये तारीख कोण टाकणार, ते किंवा तुम्ही?