साडूनं चाळलेलं छप्पर

माझा साडू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात कोणी ते मोजत नाही.

आम्ही दोघं बदलापूर गावातले, एकाच आळीत चार घरं सोडून राहणारे. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. माझी लवकर गेली, त्याची अजून आहे. धंदाही दोघांचा एकच, कौलं चाळायचा. नळीचं कौल वर्षभरात वाऱ्यानं, मांजरानं, माकडानं हलतं, खाली पाचोळा साचतो. म्हणून दर वर्षी छप्पर उतरवायचं, झाडायचं, फुटकी कौलं बदलायची आणि परत ओळीनं लावायचं. होळी झाली की मृग लागेपर्यंत आम्ही लोकांच्या घरांवर. हे काम साडूला मी शिकवलं. त्याचं लग्न झालं तेव्हा शिडी भिंतीला किती लांबून टेकवायची तेही त्याला ठाऊक नव्हतं. तो हे नाकारत नाही. पण आपणहून कोणाला सांगतही नाही.

मी शाळेत दोन इयत्ता गेलो, तेवढ्यावर हे लिहितोय. चुकलं तर चुकलं.

स्वातंत्र्य मिळालं आणि सिंधी लोक आले. कल्याणच्या पुढं लष्कराच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तिथं त्यांना ठेवलं. पुढं त्याचं उल्हासनगर झालं, आम्ही कॅम्पच म्हणत राहिलो. एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. वर मंगळुरी कौलं, तीही लढाईच्या दिवसांत घाईघाईत टाकलेली. त्यामुळे आम्हाला तिथं काम भरपूर. पहिल्या कॅम्पातला एक कापडवाला आम्हाला चाचा म्हणायचा आणि एका बराकीवरून दुसऱ्या बराकीवर पाठवायचा.

त्या वेळी मला सत्तरीला दोन कमी होती. एका बराकीवर मी पूर्वेच्या उतारावर आणि साडू पश्चिमेच्या. मंगळुरी कौलावर पाय ठेवायचा तो खाली रीप, म्हणजे लाकडाची आडवी पट्टी, असते तिथं. दोन रिपांच्या मधे ठेवला तर कौल पापडासारखं मोडतं. हे धंद्यातलं पहिलं अक्षर, साडूला मीच गिरवायला लावलेलं. पण त्या दिवशी मी आढ्यावरून मान उंच करून त्याच्या बाजूला पाहिलं. तो माझ्या दोन ओळी पुढं होता. कसा गेला पुढं, हे बघत असतानाच माझा पाय रिपांच्या मधे पडला.

मी खाली गेलो तो एका सिंधी म्हातारीच्या गाद्यांच्या थप्पीवर. थप्पीवरून जमिनीवर आलो तेव्हा घोटा मोडला. म्हातारी माझ्याहून जास्त घाबरली होती. तिनं साखरेचं पाणी पाजलं आणि माझं डोकं धरून तिच्या भाषेत काहीतरी म्हणत राहिली. लोक जमले. मी सगळ्यांना सांगितलं, रीप कुजलेली होती. साडू उतरून आला, वर भगदाडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं, असं तेव्हाही वाटलं.

कापडवाल्यानं टांग्यात घालून मला अंबरनाथला मुलाकडं पोचवलं. मुलगा कारखान्यात कामाला, शिवमंदिराकडं जाताना दोन खोल्यांचं त्याचं बिऱ्हाड. तिथं मी सव्वा दोन महिने काढले. सून वाईट असती तर सोपं झालं असतं, भांडून निघून आलो असतो. ती चांगली. मामंजी, काठी घ्या. मामंजी, देवळाच्या मागच्या पाण्याकडं एकटे जाऊ नका, दगड निसरडे आहेत. मामंजी, बाहेर जाताना सांगून जा. मी उभ्या जन्मात कोणाला सांगून बाहेर गेलो नव्हतो, बायकोलासुद्धा नाही. देवळात जाऊन बसलो की अर्ध्या तासात शेजारची कोणीतरी येऊन लांबून बघून जायची. मेलोबिलो नाही ना, एवढं बघायला.

घोटा धरायला लागला तसं मी घरी जायचं काढलं. मुलगा नाही म्हणाला. पुष्कळ बोलणं झालं. शेवटी त्यानं अट घातली, की छपरावर चढायचं नाही, लोकांच्या नाही आणि आपल्याही नाही. चढलास असं कळलं, तर त्याच दिवशी सामान बांधून अंबरनाथ. मग आपलं घर चाळणार कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, काका आहेत की.

काका म्हणजे साडू.

मी हो म्हटलं. घरी जायचं होतं.

पुढच्या वैशाखात साडू माझ्या घरावर चढला. ते घर मी बांधलं आहे. त्याचा एकेक वासा मी निवडून आणलेला. आढं चढवताना माझ्या खांद्याचं सालटं निघालं होतं, त्याची खूण अजून आहे. त्या आढ्यावर हा पाय दोन्हीकडं टाकून घोड्यावर बसावं तसा बसला आणि मी खालून त्याला कौलं देत होतो. आमच्या धंद्यात खालून कौल देणं हे बायकांचं नाहीतर नवशिक्याचं काम. रस्त्यानं जाणारे थांबायचे. म्हणायचे, काय काटक म्हातारा आहे, ह्या वयात बघा. आणि मग मला म्हणायचे, दादा, तुम्ही उन्हात कशाला उभे?

मेव्हणी त्याच्यासाठी भाकरी घेऊन यायची. माझ्यासाठीही आणायची, नाही म्हणत नाही. पण त्याला विचारायची, दमलात का? आणि मला विचारायची, पाय कसा आहे? आवाज असा, की जसं मी खाटेवर पडलोय. तो शिडीवर असला की ती शिडी धरून उभी राहायची. नवऱ्याची शिडी धरायला बायको उभी आहे, हे मी चार दिवस बघितलं.

त्याला कोणी चढू नको म्हटलं नव्हतं. घरात दोन मुलगे, दोन सुना, एकानंही नाही. कारण काय, तर तो कधी पडला नाही. मला विचाराल तर तो पडला नाही, कारण त्याला बाजूला बघायची गरज कधी पडली नाही.

मुलगा सुट्टीच्या दिवशी सायकलवर आला, छप्पर बघितलं आणि मला म्हणाला, काकांचं काम कसं जपून असतं बघ. मी बघितलं. ओळ दोरीत होती. त्यातली खोट शोधायला मी दोनदा घराला फेरी मारली. सापडली नाही.

पावसाळा लागला. मी ओटीवर परात ठेवली, स्वयंपाकघरात टोप ठेवला, आणि वाट बघत बसलो. पंधरा दिवस झोडपून पाऊस झाला, परात कोरडी. लोक गळू नये म्हणून देवाला हात जोडतात, मी एक थेंब पडावा म्हणून वर बघत बसायचो. साडू रोज यायचा. पडवीत उभा राहून विचारायचा, गळतं का कुठं?

मी म्हणायचो, अजून पाऊस कुठं झालाय.

एके दिवशी दुपारी पावसानं उघडीप दिली. मी माळ्याला शिडी लावली आणि वर गेलो. माळा म्हणजे छप्पर नव्हे, असं मनाशी ठरवून गेलो. हातात वेळू होता. ओटीच्या वरचं एक कौल खालून वेळूनं ढकललं, चार बोटं वर. बस, एवढंच. ओटीवर पाणी टपकेल, चार माणसं बघतील, साडू येईल आणि त्याला कळेल की त्याच्याही हातून चुकतं. तेवढंच मला पाहिजे होतं.

पण पाणी मी सांगितलं तिथं पडलं नाही. वारा फिरला, पाणी वाशावरून पळत गेलं आणि मातीच्या भिंतीत मुरलं. तीन दिवसांत भिंत फुगली आणि सुपाएवढा गिलावा खाली आला. मी तो भरून फेकायच्या आत शेजारणीनं पाहिला. शेजारणीनं पाहिलं म्हणजे अंबरनाथला कळलं.

मुलगा भिजत आला. तो कौलाकडं बघणारच नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो भिंतीकडं बघत होता आणि मग माझ्याकडं. म्हणाला, "बाबा, हे घर आता राहण्यासारखं नाही. एक दिवस भिंत अंगावर येईल आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळेल. मी गाडी सांगून येतो."

मी म्हटलं, घराला काही झालेलं नाही, चाळणाऱ्यानं काम नीट केलं नाही. तेव्हा त्यानं साडूला बोलावून आणलं. पाऊस थांबला होता. साडू चढला. ह्या वेळी शिडी मी धरली, कारण मेव्हणी घरी होती. वर तो बराच वेळ वाकून बसला. मग कौल बसवल्याचा आवाज आला आणि तो खाली उतरला.

मुलानं विचारलं, "काय झालं होतं, काका?"

"माकडानं हलवलंय."

"आपल्या आळीत कुठली माकडं?"

"एक आहे," साडू हात पुसत म्हणाला. "म्हातारं. एकटंच राहतं."

मुलाला उमजलं नाही. तो भिंत चाचपायला आत गेला. साडू माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला. "घसरलेलं कौल खाली येतं. वर गेलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो म्हणाला, गप बस, मी निभावून नेतो. आणि आत जाऊन त्यानं मुलाला सांगितलं की माकडबिकड काही नाही, ते कौल माझ्याच हातून नीट बसलं नव्हतं, भिंत मी लिंपून देतो, बाबांना इथून हलवू नकोस.

आता ह्याला काय म्हणावं? माझ्या घरावर चढला, आणि आता माझी चूकही ह्यानं आपल्या डोक्यावर घेतली. म्हणजे मोठेपणाही त्याच्याकडंच.

मुलगा भिंतीवरचा हात काढून वळला. मग म्हणाला, "मग काका, तुम्हीही आता चढणं सोडा. तुमच्या मुलांशी मी बोलतो. आज कौल चुकलं, उद्या पाय चुकेल."

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटलं. साडूचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि उन्हात तापलेल्या अंगावर गार पाणी ओतावं तसं वाटलं. आता हाही माझ्यासारखाच. ह्यालाही सून विचारेल, कुठं जाताय? शेजारणी येऊन बघून जातील.  साडू हात पुसलेल्या फडक्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होता.

पण माझ्या डोक्यात दुसरंही चालू होतं. तो चढला नाही, तर माझं घर पुढच्या वर्षी चाळणार कोण? न चाळलेल्या घरात मुलगा मला एक पावसाळा राहू देणार नाही. आणि तिसरी गोष्ट, तीच मला सहन होईना. साडूच्या हातून कौल चुकलं, असं गावात बोललं जाणार होतं. त्याला हात धरून मी शिकवलेलं. त्याच्या हातून असलं कौल चुकलं म्हणजे शिकवणारा कसला, असं लोक विचारणार.

मी मुलाला म्हटलं, "कौल मी ढकललं. माळ्यावरून, वेळूनं. त्यानं लावलेलं छप्पर चोख होतं."

चोख हा शब्द तोंडातून काढताना घोटा मोडला तेव्हापेक्षा जास्त दुखलं.

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. त्यानं कशाला ढकललंस असं विचारलं नाही. विचारलं, "माळ्यावर कसा गेलास?"

"शिडीनं."

"म्हणजे चढलासच."

मग मी उरलेलंही सांगून टाकलं. कॅम्पातली रीप धड होती, मी साडूच्या ओळी मोजत होतो म्हणून पडलो. म्हातारपणानं पडलो नाही, डोकं ठिकाणावर आहे, हातपाय ठिकाणावर आहेत. मुलगा म्हणाला, हे तर त्याहून वाईट. साडूला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं.

मी म्हटलं, "तुझ्या घरी मी पाहुणा म्हणून येईन, दिवाळीला, चार दिवस. राहीन ते इथंच. उचलून नेणार असलास तर ने. परत चालत येईन."

तो ओटीवर बसला. बायकोला काय सांगू, म्हणाला, रोज रात्री ती तुझं नाव काढते. तो रडवेला झाला होता, आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.  शेवटी उठून त्यानं माझी शिडी उचलली आणि साडूच्या खांद्यावर दिली. म्हणाला, ही काकांकडं राहील. लागेल तेव्हा काका घेऊन येतील, आणि काकाच चढतील. काका, तुमच्या घरी मी काही बोलत नाही.

मला विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. गाडी सांगायला तो गेला नाही, मला तेवढं पुरे होतं.

त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी ह्याच घरात आहे, माझा भात मी शिजवतो, कोणाला न सांगता नदीवर जातो. साडू ऐंशीला टेकला, अजून चढतो, अजून ओळ दोरीत असते. दर वैशाखात मला माझी शिडी मागायला त्याच्या दारात जावं लागतं. मेव्हणी आधी पाणी देते, मग बसायला पाट देते, मग विचारते, काय काम काढलंत? काम काय ते तिला चांगलं ठाऊक असतं.