कराचीची दवंडी

पाटलानं डफडं माझ्या पायाशी फेकलं. म्हणाला, "उचल. धर्म बदलला, हात तर तेच हायेत ना?"

चावडीवरचे हसले. मी पायरीच्या खाली उभा. बौद्ध झालो त्याच दिवशी आम्ही दवंडीचं काम सोडल्तं. पंधरा वर्षं डफड्याला शिवलो न्हवतो. पण कापूस वेचणीचे दिवस, आन् आम्हा नवरा-बायकोची मजुरी पाटलाच्या रानात. मी वाकलो. उचललं.

बांगलादेशाची लढाई चालू होती. रेडिओनं सांगितलं, कराचीवर बाँब टाकले, तेलाच्या टाक्या जळू राह्यल्या. पाटील म्हणाला, "बराबर वरड. कराची साफ केली म्हण."

गल्लोगल्ली वरडलो. ऐका हो ऐका, कराची साफ केली. लेकरं मागं नाचत होती. खोटं कशाला सांगू, माझाही हात रंगात आल्ता.

घरी आलो. माझी बायको गया उंबऱ्यात बसल्ती. म्हणाली, "फातिमा कुठं ऱ्हाती, ध्यानात हाय ना?"

फातिमा पिंजाऱ्याची सून. आमचा थोरला झाला तवा गया दोन दिवस अडल्ती. गावची विहीर आम्हाला बंद. फातिमानं घागर आणली, आन् आपल्या हातानं गयाच्या तोंडाला तांब्या लावला. मंग निजामाचं राज गेलं आन् नवरा तिला कराचीला घेऊन गेला. एकच पत्र आल्तं. मशिदीतल्या मुल्लानं वाचून दाखवलं. घर दर्याजवळ हाय, असं होतं त्यात.

मी म्हणलो, "तेलाच्या टाक्या जळाल्या गं."

"टाक्यांजवळ मान्सं ऱ्हात न्हाईत का? आन् साफ म्हंजे काय? गावात ढोर मेलं की तुमीच वढून साफ करत होते. तिथं कोन वढीत आसंल?"

भाकर तशीच राह्यली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. आणखी बाँब पडल्ते. मी डफडं पायरीवर ठेवलं.

"न्हाई वाजवणार, पाटील. तिथं आमचं माणूस हाय."

"तुमचं? कोन रे?"

"पाणी पाजणारं."

कुणीच हसलं न्हाई. पाटील म्हणाला, "मंग तिथंच जा पाणी प्यायला. रानात पाय ठेवू नको."

न्हाई ठेवला.

लोक म्हणले, त्यांनी बी आपल्या गावांवर बाँब टाकले. टाकले. तिथं बी कुणी डफडं बडवलं आसंल. तो भेटला तं त्याला बी हेच सांगीन.

फातिमाचं पुन्हा पत्र आलं न्हाई. गया औंदा गेली. शेवटचं पाणी पाजताना तिनं इचारलं, "तिचं काई कळलं का?" मी मान हलवली. आता घरात एकटा असतो. डोळा लागला की बोटं पांघरुणावर वाजतात. त्याच ठेक्यात. जागा होतो अन् दुसऱ्या हातानं तो हात धरून बसतो.

लढाई पुन्हा होईल. रेडिओ बोलंल, चावडी हसंल, कुणीतरी डफडं घेऊन दारात येईल. मी त्याला इचारीन, बाँब पडला तवा खाली कोण होतं? साफ म्हणू नको. नावं सांग. एकूणएक.

नावं कळल्याबिगर हा हात उठणार न्हाई.